साडेचार मीटरच्या आत

कल्पना पहिली. सूर्य पाठीशी घेऊन बसू नका, समोर घ्या. धूळ उजळते. केसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. अशा वेळी एखादा प्राणी जर

बटणावरचा अंगठा सुटला आणि बोललेला अर्धाच निरोप पुण्याला गेला.

महेंद्रने मोबाईल मांडीवर टाकला आणि डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला. समोर काही घडत नव्हतं. श्रीगोंद्याच्या पूर्वेचा माळ होता, वाळलेलं कुसळी गवत होतं, बाभळींच्या पलीकडे मेंढरं चरत होती. आणि अलीकडे, लेन्समधून दिसूच नये इतकी जवळ, डागी नावाची मेंढी बसून रवंथ करत होती.

दिशाचं उत्तर लगेच आलं. या मुलीचा आवाज कुठल्याही वेळी नुकतीच आंघोळ करून आल्यासारखा असतो.

'सर, "एखादा प्राणी जर" इथं कट झालंय. परत पाठवाल का? आणि सर, दहा हव्यात हं. पुस्तिकेच्या एका पानावर एक कल्पना.'

दिशा पुण्यात हौशी फोटोग्राफरांची शिबिरं घेते. या वेळच्या शिबिराचा विषय, निसर्गातले नाट्यमय क्षण आणि ते टिपण्याच्या कल्पना. महेंद्रचा श्रीगोंद्यात स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, निवडून आलेल्यांच्या मिरवणुका. काही वर्षांपूर्वी त्याने काढलेला, चारही पाय हवेत असलेल्या काळविटाचा फोटो एका दैनिकात आला होता. दिशाने तो कापून ठेवला होता. म्हणून पुस्तिका त्याच्याकडे, आणि शिबिराच्या शेवटी होणाऱ्या प्रदर्शनातली एक अख्खी भिंतही त्याच्याकडे.

भिंतीवर एकच फोटो लागायचा होता. लांडगा मेंढरू नेताना. तो महेंद्रने अजून काढला नव्हता, आणि हा उन्हाळा गेला तर काढणारही नव्हता.


डोळ्याचं एकदाच सांगून टाकू.

नगरचे डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. साखरेमुळं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. आहे ती नजर टिकवू, गेलेली परत येईल असं धरून चालू नका.

महेंद्र आयुष्यभर उजव्या डोळ्याने कॅमेऱ्यात बघत आला. आता त्या डोळ्याला दाराची चौकट मध्येच आत वळलेली दिसते. विजेचा खांब कंबरेत मोडलेला दिसतो. नवरीच्या कपाळावरची मुंडावळ एका बाजूने ओघळल्यासारखी दिसते, तेव्हा तो कॅमेरा खाली घेऊन साध्या नजरेने खात्री करतो. डाव्या डोळ्याने काढायची सवय लावून पाहिली. डाव्या हाताने जेवल्यासारखं वाटलं. लग्नात चालून जातं, कारण लग्नातली माणसं सांगितलं की पुन्हा उभी राहतात.


कल्पना दुसरी. प्राण्यामागे धावू नका. तो जिथं येणारच आहे तिथं आधी जाऊन बसा. आता तो कुठं येणार हे कसं कळायचं, तर

तर बनुबाईकडून. पण हे दिशाच्या पुस्तिकेत कसं घालायचं ते त्याला सुचेना. त्याने स्वतःच अंगठा उचलला.

बनुबाई आणि तिचा नवरा श्रीमंत हे पारनेरकडचं धनगर जोडपं. थंडी पडली की मेंढरं घेऊन या माळावर उतरतात. आसपासचे शेतकरी ऊस तुटलेल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. रात्री जाळीची वाघूर लावून मेंढरं कोंडायची, दिवसा माळावर सोडायची. महेंद्र थंडीतच त्यांच्याकडे पोचला होता. सोबत त्याने चिवड्याचं पाकीट नेलं होतं.

'आक्का, लांडगा कुठं दिसतो?'

'दिसतुय कशाला. मेंढरू कमी झालं की कळतं.'

'पण कुठल्या बाजूनं येतो?'

'त्याला काय रस्ता हाय का? एस्टी हाय व्हय ती?' तिने पाकीट फोडून वास घेतला. 'तुमाला त्यो कशाला पायजे?'

'फोटो काढायचाय. मेंढरू नेताना.'

बनुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. श्रीमंत घोंगडीच्या कडेतलं कुसळ काढत होता. त्याने मान वर केली नाही. मग तिने कळपाच्या कडेची एक मेंढी दाखवली. काळसर, एका कानाने जरा पडलेली. मानेवरची लोकर बाजूला केली तर खाली चार ठिकाणी कातडी गुळगुळीत झालेली होती.

'ही डागी. कोकरू हुती तवा त्यानं उचलली. आमचं ह्ये पळालं मागं बोंबलत. टाकून गेला. तवापासनं हिला आमी इकत न्हाई, कापत न्हाई. दात लागल्यात त्याचं. त्याची हाय ती. आमी नुस्ती वागवतो.'

'म्हणजे तो हिच्यासाठी परत येणार.'

'येईल. न्हाईतर न्हाई येनार. त्याची वस्तू हाय, त्यानं बघावं.'

महेंद्रने यातलं 'येईल' तेवढं घेतलं. घरी जाताना मोटारसायकलवर तो बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होता. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं सांगितलं नव्हतं. पक्षी कुठल्या फांदीवर बसेल, काळवीट कुठून उडी घेईल, सगळा अंदाजच असतो. इथे लांडग्याने आपलं मेंढरू आधीच निवडून, खूण करून ठेवलं होतं. आपण फक्त त्या मेंढरावर नजर ठेवायची.

बाकीच्या शहाण्या फोटोग्राफरांना हे सुचलं नसतं. महेंद्रला सुचलं.


कल्पना तिसरी. संयम.

'सर, फक्त "संयम" आलंय. तसंही छान आहे, पण पान भरणार नाही ना.'


कल्पना चौथी. उभं राहून काढू नका. पोटावर झोपा. प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर या. तुम्ही जितके खाली जाल तितका तो मोठा

तो पोटावर झोपला की डागी येऊन झोपे.

आधी असं नव्हतं. आधी ती कळपाच्या कडेला असायची आणि तो लांब, बांधाशी, खताच्या दुकानातून आणलेल्या हिरव्या शेडनेटखाली. लेन्स मोठी, दूरचं जवळ आणणारी. तिच्यातून डागीच्या पापण्या मोजता आल्या असत्या. मग उन्हं वाढली. माळावर सावली एकच, ती शेडनेटची. डागी एक दिवस उठली आणि चालत आली. त्याने हात हलवला, खडा मारला. ती दोन पावलं मागे सरली आणि तो खडा हुंगून परत आली.

या लेन्सचा एक नियम आहे. साडेचार मीटरच्या आत आलेलं तिला दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण राखेसारखं. बटण दाबलं की आतली यंत्रणा पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आंधळ्या माणसाने भिंत चाचपावी तशी, आणि शेवटी थांबते.

डागी नेहमी साडेचार मीटरच्या आत.

त्याने जागा बदलून पाहिली. ती मागे आली. भाकरीचा तुकडा लांब फेकून पाहिला. ती तुकडा खाऊन परत आली, आणि आता तिला हेही कळलं होतं की याच्याकडे भाकरी असते.

भाकरी बनुबाई द्यायची. रोज ऊन चढायला लागलं की ती कळपाला वळसा घालून यायची. फडक्यात बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कधी शेळीच्या दुधाचा चहा. पहिल्या दिवशी तो संकोचला होता.

'राहू द्या आक्का, मी खाऊन आलोय.'

'खावा की. बसलाय न्हवं सकाळपासनं.'

नंतर तो संकोचला नाही. साखर असणाऱ्या माणसाला भूक सहन होत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले होते.

जाताना ती दर वेळी म्हणायची, 'आमचा एक फोटू काढा की. घरच्यांचा.'

'या लेन्सनं जवळचं येत नाही, आक्का. तुम्हाला लांब उभं राहावं लागेल. तिकडं, ओढ्यापलीकडं.'

'फोटू काढाया ओढ्यापल्याड जायाचं? मग तिकडल्याच फोटूवाल्याकडनं न काढू?'

आणि ती हसत जायची. दुसरी, छोटी लेन्स बॅगेतच होती. ती लावायची म्हणजे मोठी काढायची, आणि नेमकं तेवढ्यात लांडगा आला तर. म्हणून तो उद्यावर टाकायचा.


कल्पना पाचवी (पाठवली नाही)

'अहो, जयंतीच्या मिरवणुकीला ड्रोनवाला सांगायचा राहिलाय.' माधुरीचा फोन. बायकोचा फोन उचलायचा तर शेडनेटमधून बाहेर यावं लागे, आत रेंज नसे.

'संध्याकाळी सांगतो.'

'आणि नगरची तारीख तुम्ही पुढं ढकललीत?'

त्याने शेडनेटची दोरी ओढून बघितली.

'मला तिकडून फोन आला. बाई विचारत होती, पेशंट आहेत ना. मी म्हटलं, आहेत, माळावर आहेत.'

'एक आठवडा, माधुरी.'

'काल मी तुमचं कार्ड खाली करून घेतलं. नुसती लोकर आहे त्याच्यात. मला वाटलं कुणाच्या घोंगड्यांचं काम घेतलंत की काय.'

'मेंढी जवळ येते.'

'येणारच. तिला तुमच्याशिवाय आहे कोण. इंजेक्शनाला मी येते सोबत. भीती वाटत असेल तर तसं सांगा, लांडग्याचं नाव पुढं करू नका.'

भीती वाटत होती. सुई डोळ्यात येताना दिसते का, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नव्हतं. पण लांडग्याचंही खोटं नव्हतं. दोन्ही खरं होतं आणि त्यामुळे बोलणं पुढे सरकेना. त्याने ड्रोनवाल्याचा नंबर पाठवतो म्हणून फोन ठेवला.

शेडनेटखाली डागी त्याच्या जागेवर बसली होती. त्याने तिला ढुंगणाने सरकवलं आणि बसला.


कल्पना सहावी. प्राण्याची दिनचर्या शिका. तो कशाला घाबरतो, कशाला घाबरत नाही, हे एकदा कळलं की

हे त्याला श्रीमंतकडून कळलं, आणि श्रीमंतला आपण काही सांगितलं असं वाटलंही नसेल.

राहात्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला होता. त्याच्याकडे कांदा निघाला होता, रानात पात पडून होती, मेंढरं घेऊन या. एक दिवस थांबून, परवा उजाडताच निघायचं ठरलं. श्रीमंत हे सांगायला म्हणून महेंद्रकडे आला. बसला. तंबाखू मळली. तो कमी बोलणारा माणूस. निघायचं ठरल्यामुळे त्याची जीभ जरा सैल झाली होती.

'बरं झालं तुमी हुता ह्या साली.'

'मी कुठं काय केलं.'

'न्हाई कसं. ही बाजू उघडी पडली हुती. मोत्या आमचा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला पौषात. दुसरं कुत्रं घ्यायाचं तर ल्हान घ्यावं लागतं, त्ये मोठं कवा व्हनार. बनुबाई म्हनली, ह्यो फोटूवाला दिसभर बसतुय नुस्ता. बसू दे त्याला ह्या अंगाला.'

महेंद्रने चटणीचा हात फडक्याला पुसला.

'म्हणजे मी राखणीला होतो.'

'आवो राखनीला कशाला. बसला हुता.' श्रीमंतने तंबाखू ओठात सोडली. 'मानूस बसल्याला असला की त्यो येत न्हाई. वास लागतो त्याला. डागी बी त्याच्यामुळंच चिकटली तुमाला. तिला कळतं समदं. एकदा त्वांडात जाऊन आल्याली हाय.'

'आणि भाकरी?'

'भाकर काय?'

'काही नाही.'

श्रीमंत गेल्यावर महेंद्रने भाकरीचं फडकं झटकून त्याची घडी घातली. त्याला राग यायला हवा होता. जो येऊ नये म्हणून आपल्याला बसवलंय त्याचीच वाट आपण बघत बसलो. सगळी थंडी, सगळा फाल्गुन. लग्नसराईतली दोन कामं सोडली. पण राग यायला अंगात जी ताकद लागते ती नव्हती. त्याला फक्त आडवं व्हावंसं वाटलं, आणि डागी तिथे आडवी झालेली होती.


सातवी, आठवी, नववी मिळून एक:

हवा तो क्षण येत नसेल तर आधी हे बघा की तुम्ही त्याच्या वाटेत बसला नाहीत ना. असाल तर उठा.

हा निरोप त्याने अख्खा पाठवला. अंगठा हलला नाही.

'सर, किती सुंदर,' दिशा म्हणाली. 'ही मी पहिल्या पानावर घेते. आणि सर, भिंतीचं माप घेतलंय. फ्रेम सांगून ठेवू ना?'

'सांग,' महेंद्र म्हणाला.


शेवटच्या सकाळी तो अंधुक असतानाच माळावर आला. शेडनेट नेहमीच्या जागी उभं केलं, आत पाण्याची बाटली ठेवली, भाकरीचे तुकडे टाकले. मेंढरं नुकतीच वाघुरीतून सुटली होती. डागी आली, खाली बसली, तुकडे खाऊ लागली. मग तो कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन पाठच्या बाजूने वाकून निघाला आणि लांबच्या बांधाला, जिथे ओढ्याचा काठ ढासळलाय, तिथे जाऊन बसला. पाठीला मातीचा कडा. वारा त्याच्याकडे येत होता. सूर्य समोरून येणार होता.

आपण काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं. कळपाची ती बाजू उघडी टाकून तो उठून आला होता. मेंढी तिथे होती. ती मरावी म्हणूनच तो इथे बसला होता. याला दुसरं नाव नव्हतं आणि त्याने शोधलंही नाही. उद्या कळप राहात्याच्या वाटेला असेल, पुढच्या आठवड्यात डोळ्यात सुई असेल. एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि तेही थकल्यासारखं, शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं.

सूर्य वर आला. धूळ उजळली. पहिल्या कल्पनेत सांगितलं होतं तसंच सगळं.

लांडगा बाभळींकडून आला.

तो धावत आला नाही. तो चालत आला, मध्येच थांबत, बाजारात उशिरा आलेला माणूस काय उरलंय ते बघत फिरतो तसा. महेंद्रच्या उजव्या डोळ्यात तो पोटाशी वाकलेला होता, जणू कुणी मधोमध घडी घातली होती. पुढचा अर्धा लांडगा खरा, मागचा अर्धा पाण्यातला. महेंद्रने श्वास धरला. बोट बटणावर. हे तेच होतं. शेडनेटची हिरवी सावली, सावलीत काळी मेंढी, तिच्या लोकरीच्या कडेला सोनेरी रेघ, आणि डावीकडून चौकटीत शिरणारं राखाडी डोकं.

डागीने मान वर केली.

कळप तिच्या उजव्या हाताला होता, जवळच. कुठलंही मेंढरू कळपात घुसलं असतं. डागी उठली, वळली आणि सरळ महेंद्रकडे पळत सुटली.

त्याने बटण दाबलं. दाबून धरलं. डागी मोठी होत गेली. आधी सगळी मेंढी, मग नुसतं तोंड, मग नुसता डोळा आणि मग राख. लेन्स पुढे गेली, मागे आली, पुढे गेली. फोटो निघतच होते. ट्रायपॉडचा पाय तिच्या अंगाला लागला, कॅमेरा कुशीवर पडला, आणि डागी महेंद्र आणि मातीच्या कड्याच्या मधे शिरायचा प्रयत्न करू लागली. जागा नव्हती. मग ती त्याच्या मांडीवर चढली. तिचं काळीज त्याच्या बरगड्यांवर आपटत होतं. त्याचा उजवा हात तिच्या पोटाखाली अडकला.

लांडगा गावातल्या रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर थांबला.

कॅमेरा हातात नव्हता म्हणून महेंद्रने त्याला दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि दोन्ही डोळ्यांना मिळून तो सरळ दिसला. अंगावरचे थंडीतले केस गुंतून, झुपक्याझुपक्यांनी गळत होते. पोट आत गेलेलं. एका कानाला खाच. जीभ बाहेर. दुकानाशी यावं आणि शटर बंद असावं तसा तो उभा होता. चिडलेला नाही. आता किती लांब परत जायचं याचा हिशेब करणारा.

कॅमेरा महेंद्रच्या डाव्या गुडघ्याशी पडला होता. लांडगा साडेचार मीटरच्या पलीकडे होता. नक्की पलीकडे. उजवा हात मोकळा झाला असता तर पडल्या जागेवरून कॅमेरा फिरवता आला असता. भिंतीवर मेंढी नेणारा लांडगा लागला नसता, पण असा, माणसाकडे बघणारा, समोरून उजेड घेतलेला लांडगा, तोही कुणाकडे नव्हता.

हात मोकळा करायचा तर डागीला ढकलायला हवं होतं. मागे कडा होता. ढकलायची तर पुढेच.

महेंद्र बसून राहिला. पायांना मुंग्या आल्या होत्या. डागी त्याच्या शर्टाचं बटण चावत होती, भीतीने की सवयीने, कळायला मार्ग नव्हता. लांडग्याने जीभ आत घेतली, जमीन हुंगली, आणि ओढ्यात उतरून, पलीकडे चढून, मागे न बघता निघून गेला. जातानाही त्याने घाई केली नाही. कुणालाच घाई नव्हती.


बनुबाई नेहमीच्या वेळी आली. शेडनेटकडे गेली, तिथे कुणी नाही बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग बांधाकडे चालत आली. महेंद्र तसाच बसला होता. डागी त्याच्या पायाशी चरत होती.

'आला हुता न्हवं? मेंढरं बिचकली हिकडं.'

'आला होता.'

'न्हेली न्हाई.'

'नाही.'

तिने डागीची मान चाचपली, लोकर बाजूला केली, नव्या खुणा नाहीत ते पाहिलं. मग फडकं सोडलं.

महेंद्र म्हणाला, 'आक्का, मी तिला राखायला नव्हतो आलो इकडं.'

'मला दिसलं की. तांबडं फुटायच्या आदी वाकून वाकून निगाला हुता, चोरावानी.'

'मग हाक का नाही मारली?'

'म्हनलं, आज ह्यो मानूस थकला.' तिने भाकरीचे दोन भाग केले. 'राखनीचा मानूस थकला की उठून जातो. मोत्या बी जायाचा कदीमदी, रस्त्याच्या कडंला जाऊन पडायचा. त्याला काय बोलायाचं. खावा.'

भाकरी नेहमीएवढीच होती. चटणीही. तो खाऊ लागला. डागीने तोंड पुढे केलं. त्याने तुकडा दिला.

'ती कुनाची म्हनायची आता,' बनुबाई स्वतःशीच म्हणाली. 'त्यो आला आन मोकळा गेला.' तिने थोडा विचार केला. 'जाऊ द्या. राहात्याकडं बी लांडगं असत्याल.'


दुसऱ्या दिवशी उजाडताच वाघूर गुंडाळली गेली. घोडीवर सामान चढलं. कोकरं झाकायची डाल, भांडी, घोंगड्या. महेंद्र आला तेव्हा त्याच्याकडे मोठी लेन्स नव्हती. ट्रायपॉडही नव्हता.

'आक्का, उभे राहा. फोटो काढतो घरच्यांचा.'

'ओढ्यापल्याड जाऊ का?' श्रीमंत म्हणाला. अशी थट्टा त्याने पहिल्यांदाच केली आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं.

'इथंच. जवळ या.'

ती दोघं घोडीच्या पुढे उभी राहिली. बनुबाईने पदर नीट घेतला आणि चेहरा असा कडक केला की मतदानाच्या कार्डावरचा वाटावा. श्रीमंतने टोपी काढली, पुन्हा घातली. महेंद्रने कॅमेरा उचलला. सवयीने उजवा डोळा लावला. घोडीची पाठ खचली, बनुबाईचा खांदा ओघळला. त्याने कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. सगळं सरळ झालं, फक्त परकं वाटत होतं.

तेवढ्यात डागी चालत चौकटीत आली.

'तिला घ्यू नका,' बनुबाई ओठ न हलवता म्हणाली. 'ती आमची थोडीच हाय.'

'हाऽट,' श्रीमंतने काठी आपटली.

खिशात मोबाईल वाजला. दिशा असणार. सर, दहावी राहिली. सर, फ्रेम तयार आहे. तिला सांगावं लागणार होतं की भिंत दुसऱ्या कुणाला दे. ते सांगायला जे बोलावं लागेल ते त्याला आत्ताच जड झालं. माधुरीला मात्र त्याने सकाळीच सांगितलं होतं, नगरची तारीख घे म्हणून. ती फक्त 'बरं' म्हणाली होती.

डागी काठीला भिऊन बाजूला झाली, आणि वळसा घालून महेंद्रच्या मागे येऊन उभी राहिली. चौकट मोकळी झाली. तिचं नाक त्याच्या पँटच्या खिशाशी भाकरी शोधत होतं. खिशात भाकरी नव्हती, मोबाईल थरथरत होता. ती दचकली, पण गेली नाही.

'हलू नका,' महेंद्र म्हणाला. ते नक्की कुणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने बटण दाबलं.